राजगड ते रायगड चार दिवस : सॅक पाण्यापासून भरायला घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही पुण्यातले चौघे जण गुंजवण्यातून राजगड चढणार, तिथून धारेने तोरण्याला जाणार, मग मोहरी आणि सिंगापूर या घाटमाथ्यावरच्या गावांच्या पठारावरून कोकणात उतरून चौथ्या दिवशी रायगड गाठणार. सामान स्वतः वाहायचे आणि स्वयंपाकही स्वतःच करायचा असे ठरले आहे. ६५ लिटरची सॅक, शून्य अंशाची स्लीपिंग बॅग आणि दोन तंबू घेण्याचा विचार आहे, कारण पुढे हिमालयातही तेच सामान वापरता यावे. मात्र सॅक भरून पाहिली तेव्हा ती १७ किलोंची झाली, आणि आता त्यातून काय काढावे हे कळत नाही.

तुमची यादी मी दोनदा वाचली. तिच्यात जाड जॅकेट आहे, थर्मल कपड्यांचे दोन जोड आहेत, आणि पाण्यापुढे मात्र ‘एक बाटली’ एवढेच लिहिले आहे. माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. ही यादी हिमालयासाठी तयार झालेली आहे. तिथल्या बहुतेक वाटांवर ओढे आणि झरे वरचेवर भेटतात, त्यामुळे लिटरभर पाणी घेऊन निघता येते आणि वजनाची मुभा उबेच्या सामानावर खर्च करता येते. सह्याद्रीत पावसाळा सरला की हे गणित उलटे होते. बेसॉल्टच्या थरांवर पडलेले पाणी बरेचसे वाहून जाते, थोडे थरांच्या सांध्यांतून झिरपत राहते, आणि डोंगराच्या धारेवर तर काहीच थांबत नाही. म्हणूनच गड बांधणाऱ्यांनी कातळात टाकी खोदली. डिसेंबरात तुम्हाला पाणी मिळेल ते गडावरच्या टाक्यांत किंवा गावाच्या विहिरीवर, आणि त्या दोहोंच्या मधली वाट कोरडीच धरून चालावी लागेल.

म्हणून सॅक भरण्याचा विचार मी नेहमी पाण्यापासून सुरू करतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जाणारी धार ओझ्यासह सहज सहा-सात तास घेते, आणि तिच्यावर सावली फार थोडी आहे. या दिवसासाठी माणशी ४ लिटर पाणी सकाळी निघतानाच सॅकमध्ये असले पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कसलीही काटछाट होत नाही. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याहून अधिक ओझे चार दिवस वाहू नये, हा जुना आडाखा मी आजवर पाळत आलो आहे. ६५ किलोंच्या माणसाला तो १३ किलोंवर थांबवतो. त्यातले ४ किलो पाण्याचे आणि पहिल्या दिवशीचे सुमारे २.६ किलो शिध्याचे धरले, तर रिकाम्या सॅकसकट बाकीच्या सगळ्या सामानाला साडेसहा किलोंहून कमी जागा उरते. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू या साडेसहा किलोंत बसते का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारत जा, म्हणजे निम्मे निर्णय आपोआप होतील.

पाण्यासाठी स्टीलच्या जड बाटल्या आणू नका. बाजारात मिळणाऱ्या पाण्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ३०-४० ग्रॅमच्या असतात, चार दिवस उत्तम टिकतात, आणि त्यांतली एखादी फुटली तरी उरलेल्या तीन शाबूत राहतात. नळी लावलेली पाण्याची पिशवी सोयीची असते खरी. पण ती सॅकच्या आत गळली तर पाणीही जाते आणि अंथरूणही भिजते, शिवाय आत किती पाणी उरले आहे ते दिसत नाही. चालताना कोणाजवळ किती पाणी आहे हे चौघांनाही दिसणे मी फार महत्त्वाचे मानतो. टाक्यातले पाणी आधी पंचाच्या दुहेरी घडीतून गाळावे, कारण पाण्यात पालापाचोळ्याचा गाळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते. मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबावे. पोकळ तंतूंचा फिल्टर असेल तर तो जरूर घ्या. त्यातून जिवाणू आणि अमीबासारखे जीव अडतात, मात्र विषाणू त्या छिद्रांहून लहान असल्याने निसटतात. माणसांचा आणि गुरांचा वावर असलेल्या पाण्यासाठी मी आधी फिल्टर आणि नंतर थेंब असे दोन्ही करतो.

आता सॅक. चार दिवसांना ४५ ते ५० लिटरची सॅक पुरते. ६५ लिटरची घेतली तर ती रिकामी राहवत नाही, आणि शेवटच्या रात्री घरातली कोणती ना कोणती वस्तू तिच्यात जातेच. आकारमानापेक्षाही पाठीची लांबी जुळणे महत्त्वाचे आहे. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका हाताला ठळक लागतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या आणि त्या मापाची सॅक निवडा. उंची सारखी असलेल्या दोन माणसांच्या पाठीची लांबी सारखी असेलच असे नाही. दुकानात सॅक रिकामी घालून पाहू नका. १० किलो वजन आत भरायला सांगा आणि ती पाठीवर घेऊन पंधरा मिनिटे दुकानातच फिरा. पट्टे आवळण्याचा क्रम असा ठेवा : सगळे पट्टे सैल करून सॅक चढवायची, आधी कमरेचा पट्टा हाडांच्या कडेवर बसवून घट्ट करायचा, मग खांद्यांचे पट्टे अंगाला टेकतील इतपत ओढायचे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे थोडे ताणायचे, आणि छातीचा पट्टा शेवटी. वजनाचा मोठा भाग कमरेवर आला पाहिजे. खांद्यांनी सॅक फक्त सावरून धरायची असते.

तंबू दोन्ही घरी ठेवा, असे मी स्पष्टपणे सांगेन. गडावरच्या मुक्कामाबाबतचे नियम वेळोवेळी बदलत असतात. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून खात्री करून घ्या आणि मुक्काम शक्यतो गावांतच योजा. मोहरी किंवा सिंगापूर अशा गावांत एखाद्या घराची पडवी, देऊळ किंवा शाळेचा व्हरांडा विचारल्यावर सहसा मिळतो. घरच्यांनी भाकरी-पिठले करून दिले तर त्याचे पैसे त्यांनी न मागताही द्यावेत. दोन तंबूंचे पाच किलो वजन चौघांत वाटले तरी माणशी सव्वा लिटर पाण्याची जागा त्यांत जाते. मनाच्या समाधानासाठी हलकी ताडपत्री एक असू द्या, कारण डिसेंबरात अवकाळी पावसाची एखादी सर येऊ शकते.

घाटमाथ्यावर डिसेंबरअखेरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि वारा असेल तर त्याहूनही अधिक थंडी वाजते. त्यासाठी किलोभर वजनाची, कम्फर्ट १० अंशांची स्लीपिंग बॅग पुरेशी होते. बॅगेवरचे आकडे नीट वाचा. प्रमाणित चाचणीत ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानात सर्वसाधारण स्त्री निवांत झोपू शकेल ते, आणि ‘लिमिट’ म्हणजे ज्या तापमानात सर्वसाधारण पुरुष अंग आकसून कशीबशी रात्र काढू शकेल ते. विक्रीच्या पाटीवर बहुधा यातला कमी असलेला आकडा मोठ्या अक्षरात छापतात. खरेदी करताना कम्फर्टचाच आकडा विचारात घ्या. शून्य अंशाची बॅग तुम्हाला हिमालयात लागेल तेव्हा तिथे ती भाड्याने मिळते. कॅरीमॅट मात्र कधीही टाळू नका. अंगाखाली दबलेल्या बॅगेतल्या भरावात हवा उरत नाही, त्यामुळे थंड फरशीवर ऊब राखते ती कॅरीमॅटच. बंद पेशींच्या फोमची साधी कॅरीमॅट ३५० ग्रॅमच्या आसपास असते आणि दुपारच्या विश्रांतीलाही कामी येते.

बुटांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण या वाटेवर मी पाहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक पायांच्याच होत्या. वाळलेले गवत, मुरमाड घसारा, कातळ आणि नाळेतले (घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या अरुंद घळीतले) सुटे धोंडे, अशी सगळी जमीन या चार दिवसांत पायाखाली येते. तिथे तळाच्या रबराची पकड आणि खाचांची खोली हीच पारखायची असते. महाराष्ट्रातल्या भटक्यांच्या दोन पिढ्यांनी अॅक्शन कंपनीच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांवर अर्धा सह्याद्री पालथा घातला, तो त्या पकडीच्याच जोरावर. पाणी न शिरणारे महागडे बूट डिसेंबरातल्या कोरड्या वाटेवर उलट त्रास देतात, कारण आतला घाम बाहेर पडत नाही, कातडी मऊ पडते आणि फोड येतात. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून विकत घ्या आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. ही जागा नसली तर नाळ उतरताना नखे काळीनिळी पडतात.

२०११ साली सिंगापूर नाळेच्या मध्यावर माझ्या उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला आणि दहा मिनिटांत पूर्ण हातात आला. बूट पाच वर्षांपूर्वी घेतलेले होते, पण मी ते जेमतेम सहा-सात वेळा वापरले होते आणि एरवी कपाटात खोक्यात जपून ठेवले होते. तळ आणि वरचा भाग यांच्यामधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या दमटपणाने तो न वापरताही हळूहळू विघटित होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. खोक्यात जपल्याने बूट चांगले राहतात हा माझा गैरसमज होता. सॅकमधल्या नायलॉनच्या दोरीचे चार वेढे घालून मी खाली दापोलीपर्यंत आलो. (ही लिंगाणा किल्ल्याच्या पायथ्याची दापोली, रत्नागिरी जिल्ह्यातली नव्हे.) दोनशे पावलांवर दोरी झिजे आणि पुन्हा बांधावी लागे, त्यामुळे बरोबरच्या तिघांचा त्या दिवशीचा बेत माझ्यामुळे कोलमडला. तेव्हापासून जुने बूट मी निघण्याच्या महिनाभर आधी बाहेर काढतो, तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहतो आणि कडेच्या मऊ थरात नख रुतवतो. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट बाद समजावेत. तीन-चार मीटर नायलॉनची दोरी अजूनही माझ्या सॅकमध्ये असतेच.

कपड्यांचा नियम साधा आहे. चालण्याचा एक जोड आणि झोपण्याचा एक कोरडा जोड, तिसरा नाही. चालताना पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा पॉलिस्टरचा शर्ट आणि लांब पँट घाला, कारण ऊन, कारवीचे दांडे आणि काटे यांपासून तीच वाचवते. सुती शर्ट घामाने भिजून राहतो, आणि सूर्य कलल्यावर धारेवरच्या वाऱ्यात अंग गारठते. थर्मलचे दोन्ही जोड काढून टाका आणि जाड जॅकेटाऐवजी एक स्वेटर, वारा अडवणारे पातळ विंडचीटर आणि कानटोपी घ्या. मोज्यांचे मात्र तीन जोड हवेत.

शिध्याचे वजन कमी करायचे असेल तर आधी त्यातले पाणी कमी करा. बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, टोमॅटोत त्याहून जास्त, आणि तरी दरवर्षी कोणी ना कोणी दोन किलो बटाटे पाठीवर घेऊन राजगड चढतो. कोरडा शिधा माणशी दिवसाला ६५० ग्रॅम धरा. दाणे, तीळ आणि तूप यांसारख्या स्निग्ध पदार्थांत वजनामागे ऊर्जा सर्वाधिक असते, म्हणून दाण्याची चटणी, तिळाची वडी आणि तुपातले लाडू यांना मी तयार पाकिटांपेक्षा वरचे स्थान देतो. गूळपोळी या चालीला तर खास जुळते. नीट भाजलेली गूळपोळी चार दिवस सहज टिकते, चुलीशिवाय खाता येते आणि दोन पोळ्यांत दुपार निभते. न्याहारीला दडपे पोहे किंवा सातूचे पीठ गूळ घालून, दुपारी गूळपोळी, दशम्या आणि चटणी, चालता चालता खजूर आणि चिक्की, आणि गरम जेवण फक्त रात्री, असा माझा क्रम असतो. रात्रीसाठी पिठले हा सर्वांत कमी गॅस खाणारा पदार्थ आहे. खिचडीसाठी तांदूळ, मूगडाळ, मीठ, मसाला आणि वाळवलेला कांदा घरीच एकेका रात्रीच्या मापाने पिशव्यांत भरून ठेवा. शिजवण्याआधी अर्धा तास त्याच पातेल्यात भिजत घातली की गॅस बराच वाचतो. तोरण्याची उंची १,४०३ मीटर आहे आणि त्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे भाताला घरच्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तो हिशेबात धरा.

एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. चौघांचा दोन वेळचा चहा आणि रात्रीचे जेवण धरून दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खर्च येतो, म्हणजे २३० ग्रॅमचे दोन कॅनिस्टर (गॅसचे छोटे डबे) पुरतात. वारा अडवायला आडोसा करा, पण पत्र्याने कॅनिस्टर चहूबाजूंनी बंद करू नका. तो तापला तर फुटू शकतो. लाकडाची शेकोटी अजिबात पेटवू नये. डिसेंबरात डोंगरावरचे गवत पूर्ण वाळलेले असते, एक ठिणगी उडाली तर अख्खा उतार जळतो. धुराचा दुसरा धोका आग्या मोहोळाचा. इथल्या कड्यांवर आग्या माश्यांची मोठी पोळी असतात, त्यामुळे अत्तर, सुगंधी तेल आणि डिओडरंट यांना सॅकमध्ये स्थान देऊ नका, आणि औषधांच्या पिशवीत ॲलर्जीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून ठेवा. त्याच पिशवीत क्रेप बँडेज, चिकटपट्टी, ज्याची त्याची नेहमीची औषधे आणि माणशी चार ओआरएसच्या पुड्या असाव्यात. एका लिटरची पुडी एका लिटरातच विरघळवायची असते. अर्ध्या लिटरात कालवून घट्ट करू नये.

दोर न्यायचा का, हे कोणत्या नाळेने उतरणार त्यावर ठरते. सिंगापूर नाळेला दोर लागत नाही. बोराट्याच्या नाळेत मात्र लिंगाण्याच्या बाजूला जाणारा आडवा टप्पा दरीवर उघडा आहे, आणि तिथे दोर हवा तसा तो नीट बांधू जाणणारा माणूसही बरोबर हवा. तुमच्यापैकी कोणी तसा नसेल तर सिंगापूर नाळच धरा, म्हणजे दोराचे दोन किलो आपोआप वाचतात. माणशी एक हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या, चौघांत १०,००० एमएएचची एक पॉवर बँक, आणि वाटेचा नकाशा दोन फोनांत आधीच उतरवून घेतलेला, एवढे पुरते. फोन विमान मोडवर ठेवा, कारण दरीत रेंज शोधण्यातच त्याची बॅटरी संपते.

भरताना सॅकच्या आत आधी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि कपडे व अंथरूण तिच्यातच ठेवा. बाहेरून घालायचे आवरण वाऱ्याने उडते आणि कारवीत फाटते. तळाशी स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे. त्यावर, पाठीला चिकटून, पाण्याच्या दोन बाटल्या आणि शिधा. त्यांच्या बाहेरच्या बाजूला हलके कपडे, म्हणजे जड वस्तू पाठीपासून दूर सरकणार नाहीत. पाठीपासून दूर गेलेले वजन मागे ओढते, आणि ते सावरायला माणूस कंबरेत वाकून चालू लागतो. उरलेल्या दोन बाटल्या बाजूच्या खिशांत, दोन्हीकडे सारख्या. वरच्या कप्प्यात टॉर्च, औषधे, विंडचीटर आणि दुपारचे खाणे. बाहेर लोंबकळणारे काहीही नको; कॅरीमॅट आडवी बांधली तर अरुंद वाटेवर ती कातळाला घासून तोल घालवते, म्हणून उभी बांधा. नाळ उतरायच्या सकाळी मात्र ही मांडणी बदला आणि पाणी एरवीपेक्षा थोडे खाली घ्या, कारण धोंड्यांवरून उड्या घेत उतरताना वर ठेवलेले वजन पुढे फेकते.

चौथ्या दिवशी काळ नदीच्या खोऱ्यात हवा एकदम दमट आणि उष्ण होते. घाटमाथ्यावरच्या दोन थंड रात्रींनंतर या दिवशी पाणी कमी लागेल असे वाटते, आणि प्रत्यक्षात ते सर्वांत जास्त लागते. शिधा संपल्याने सॅक हलकी झालेली असते, म्हणून पाणी कमी करू नका. दापोलीतून निघतानाही पुन्हा चार लिटर भरा.

निघण्याच्या दोन आठवडे आधी चौघांनी पूर्ण सॅक, चार लिटर पाण्यासह, खरोखर काट्यावर तोलून पाठीवर घ्यावी आणि आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून उतरावा. उतरल्यावर शर्ट काढून एकमेकांच्या पाठी पाहाव्यात. खांद्यांवर लाल वळ उठले असतील तर कमरेचा पट्टा नीट बसलेला नाही, माकडहाडावर घासले असेल तर सॅकची लांबी चुकली आहे, आणि टाचेला लाली आली असेल तर मोजे किंवा बूट बदलायला अजून वेळ आहे.